कुलदीपचं इंजन

तिवसा
१६ ऑगस्ट २०२३

ती. मामाजी यांस,

नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

इंजन काल दुपारी पोचले. टेम्पोवाल्याने ते सडकेवरच उतरवले. तिथून शेतापर्यंत मी आणि माझा भाऊ देवानंद, दोघांनी काठीला बांधून आणले. मूर्तिजापूरच्या बैठकीत तुम्ही चार पाहुण्यांसमोर म्हणाला होतात, "इंजन चालू हालतीत हाये. तिनं फक्त दोरी ओढाची." मी दोरी ओढली. काल चाळीस वेळा ओढली आणि आज सकाळी मोजायचे सोडून दिले. तळहाताला फोड आलेत. इंजन साधे खोकलेही नाही.

मग टाकीचे झाकण उघडले. टाकी काठोकाठ भरलेली. आत जे आहे त्याला पेट्रोल म्हणायचे तर म्हणा. रंग कोऱ्या चहाचा आणि वास असा की तुमच्या नातीने, खुशीने, नाक धरून पळ काढला. तुमचा कुलदीप गेल्यापासून चार वर्षे कोपऱ्यात पडलेल्या इंजनाची टाकी कोरडी असायला हवी. ही भरली कोणी? तुम्ही आयुष्यभर गावोगावची इंजने खोललीत. पडून राहिलेले पेट्रोल सडते आणि इंजनाची वाट लावते, हे तुम्हाला माहीत नव्हते असे मी तरी मानणार नाही.

बैठकीत काय ठरले ते मला पाठ आहे. या दसऱ्याला माझ्या झेंडूचा तोडा निघाला आणि मी माझ्या हिमतीवर उभी राहिले, तर खुशी माझ्याजवळ राहणार. नाही तर दिवाळीनंतर ती बोरगावला, तुमच्याकडे. वीस दिवस झाले, पावसाचा थेंब नाही. नाल्याच्या बंधाऱ्यात पाणी आहे, पण शेतात विजेचे कनेक्शन नाही. पाणी आणि झाडे यांच्यामध्ये फक्त हे इंजन आहे. आणि ते मेलेले पाठवण्यात कोणाचा फायदा आहे, हे समजायला फार डोके लागत नाही.

इथल्या मिस्त्रीकडे फवारणीच्या पंपांची रांग लागली आहे. पंधरा दिवस तो हात लावणार नाही. बैठकीतले मध्यस्थ सहदेव मामांनी सांगितले होते की फोनवर तुम्ही दोघे भांडता, काय ते लिहून कळवत जा. म्हणून हे लिहिले. टाकीत काय ओतले ते लेखी कळवा.

पौर्णिमा


बोरगाव मंजू
१९ ऑगस्ट २०२३

श्रीमती पौर्णिमा यांस,

पत्र मिळाले. नमस्कार मिळाला नाही, कारण तुम्ही तो पाठवलाच नव्हता.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण तुमच्या माहेरी शिकवली नसावी. इंजनाला चार वर्षांनी हात लावायचा तर दोरी ओढण्याआधी चार गोष्टी पाहाव्या लागतात. कुलदीप असता तर त्याने आधी टाकी पाहिली असती. तुम्ही आधी चाळीस वेळा दोरी ओढली आणि मग टाकी पाहिली.

टाकी कोणी भरली ते विचारता. तुमच्या सासूने भरली. कुलदीप गेला त्या वर्षीच्या दसऱ्याला तिने पाटावर विळे, कुदळी मांडल्या आणि मला म्हणाली, इंजनही बाहेर काढा. हळदकुंकू वाहिले, आपट्याचे पान ठेवले, मग टाकीत डोकावून पाहिले आणि रडायला लागली. म्हणाली, "देवापुढं रिकामं भांडं ठेवता का तुमी? मंग माह्या लेकाच्या इंजनाचं पोट काहून रिकामं ठेवू?" आमच्या घरात सणाच्या दिवशी धान्याची कोठी, पाण्याची घागर, कुंकवाचा करंडा रिकामा ठेवत नाहीत. तुम्ही आठ वर्षे या घरात नांदलात, तुम्हाला हे सांगावे लागू नये. त्या वर्षापासून दर दसऱ्याला ती टाकी काठोकाठ भरत आली. चार दसरे. पेट्रोलची बाटली मीच आणून देत होतो. सडते हे मला चांगले माहीत होते. तिला कोण सांगणार होते? तुम्ही तर होता नाही. नातीला काखोटीला मारून निघून गेलात.

आता ऐका. टाकी पूर्ण रिकामी करा. थोडे नवीन पेट्रोल घालून दोनदा खळबळून टाका. टाकीतून खाली येणारी रबरी नळी कडक झाली असेल, ती बदला. जुने ऑइल काढून नवीन भरा. हवेच्या डब्यातली जाळी काढून झटका. प्लग काढून काजळी घासा, वाळवा, परत लावा. प्लगच्या भोकात ऑइलचे चार थेंब सोडून दोरी हळू हळू पाचसहा वेळा ओढा, म्हणजे आत जाम झाले असेल ते सुटेल. त्यानंतर जोरात ओढायची.

कार्बोरेटरला मात्र हात लावू नका. खालची वाटी खोलायची तर नाहीच. त्यात तांदळाएवढे भाग असतात, ते हरवतात आणि मग लोक दुसऱ्यावर आळ घेतात. ते तुमचे काम नाही.

दसऱ्याला दोन महिने आहेत. बैठकीतला शब्द माझ्याही लक्षात आहे.

केशवराव


तिवसा
२४ ऑगस्ट २०२३

ती. मामाजी,

टाकीबद्दल मी तुमच्यावर घेतलेला संशय मागे घेते. तुमच्यासाठी नाही, आत्याबाईंसाठी. त्यांना सांगा की मी ते पेट्रोल बांधावर ओतले तेव्हा टाकीच्या तळाशी आपट्याचे एक पान निघाले. ते मी वाळवून ठेवले आहे. त्यांच्यावर माझा राग कधीच नव्हता. राग तुमच्यावर होता आणि आहे. माणूस गेल्यावर मला शेतात जाऊ दिले नाहीत. पाच महिने ओसरीवर बसवून ठेवलेत, जशी काही मीच त्याला मारून आले होते. म्हणून गेले मी. काखोटीला मारून नाही, हात धरून नेले लेकीला.

तुम्ही लिहिले तसे सगळे केले. हवेच्या डब्यात उंदराने घर केले होते, कापूस आणि चिंध्या मूठभर निघाल्या. नळी बदलली. ऑइल बदलले. जुने ऑइल डांबरासारखे होते. प्लग घासला, ठिणगी चांगली निळी पडते, मी डोळ्यांनी पाहिली. मग दोरी ओढली. या वेळी इंजन दोनदा भडकले, काळा धूर ओकला आणि बंद पडले. प्लग काढला तर पेट्रोलने चिंब. वाळवून परत लावला. परत तेच, काळा धूर, ओला प्लग. तीन दिवस हेच चालू आहे.

तुम्ही टाकीचे खरे सांगितलेत म्हणून मी तुमच्या बाकी शब्दावरही भरवसा ठेवला. कार्बोरेटरला हात लावलेला नाही. आता पुढे काय ते सांगा. आम्ही दोघी नाल्यावरून बादलीने पाणी आणतो. खुशी शाळेत जाण्याआधी तिच्या छोट्या बादलीने वीस खेपा करते. पण बावीस गुंठे बादलीने भिजत नाहीत. खालच्या बाजूच्या सहा ओळी माना टाकून बसल्या आहेत.

काळा धूर आणि ओला प्लग म्हणजे काय, हे तुमच्यासारख्या माणसाला धूर न बघताही कळायला हवे.

पौर्णिमा


बोरगाव मंजू
२७ ऑगस्ट २०२३

श्रीमती पौर्णिमा यांस,

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोक उघडा ठेवायचा विसरत असाल. बायका स्कूटीही चोक ओढूनच चालवतात आणि मग ॲव्हरेज देत नाही म्हणतात. प्लग नवीन आणा, जुना घासून किती दिवस चालणार? दोरी एका दमात ओढावी लागते. अर्ध्यावर हात ढिला पडला की इंजन घेत नाही. कुलदीप एका ओढीत चालू करत असे. हातात जोर लागतो, आणि तो कुठल्या दुकानात मिळत नाही.

सव्वाशे किलोमीटरवर बसून मी उंटावरून शेळ्या हाकाव्यात अशी तुमची अपेक्षा असेल तर तेवढेच होईल. बैठकीत मी हेच बोललो होतो. बाईमाणसाने एकटीने शेत करणे म्हणजे हौस आहे. हौस माणसाने स्वतःच्या जिवावर करावी, लेकराच्या नाही. नऊ वर्षांची पोर शाळेच्या आधी वीस बादल्या वाहते, हे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. तुमच्या हाताने लिहिलेले ते पत्र मी सांभाळून ठेवले आहे. वेळ आली तर सहदेवला वाचून दाखवीन.

इथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे. दिवाळीनंतर पाचवीत जागा आहे. तिची आजी तिच्यासाठी कुलदीपची खोली झाडून ठेवते आहे. भिंतीला निळा रंग द्यायचा की पिवळा, एवढे विचारून कळवा.

केशवराव


तिवसा
१ सप्टेंबर २०२३

ती. मामाजी,

तुमच्या त्या पत्राला उत्तर द्यायचे नव्हते. पण मला एक गोष्ट हवी आहे आणि ती तुमच्याशिवाय कोणाजवळ नाही.

नवीन प्लग लावला. चोक उघडाच होता, आधीही होता. दोरी एका दमात ओढली, देवानंदनेही ओढली. काळा धूर निघाला आणि इंजन बंद. शेवटी बुधवारी सकाळी मी तुमचे ऐकले नाही. खाटेवर पांढरे धोतर अंथरले, मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ लावला आणि कार्बोरेटर खोलला. खालची वाटी काढली. आत पिवळट चिकट थर होता, तो पेट्रोलने धुतला. मग व्हिडिओतला माणूस म्हणतो, आता मधल्या नळीतला पितळी जेट काढा आणि बारीक तारेने त्याचे भोक साफ करा. माझ्या इंजनात जेट नव्हता. नळीत नुसतेच आटे होते.

तुम्ही सांगितले होते तेच झाले, असे मला वाटले. वाटी उलटी करताना पडला असणार. धोतर झटकले, खाट उचलली, अंगण चाळणीने चाळले. खुशी तिथेच बसून ते छोटे भाग हातात घेऊन बघत होती. मी तिला विचारले, ती म्हणाली, "मी काहीच नाही घेतलं, आई." मी परत विचारले, ती परत तेच म्हणाली. मी तिला मारले. एकदा नाही, दोनदा. गालावर बोटे उठली. चार वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. कुलदीपने तर कधीच नाही.

ती रडली नाही. शाळेत गेली नाही. दिवसभर अंगणातली माती चाळत बसली. जेवायला बोलावले तर म्हणाली, "सापडला की जेवतो."

तुम्हाला हे वाचून आनंद होईल. हेही पत्र सांभाळून ठेवा, सहदेव मामांना वाचून दाखवा. आई मारते, हे बैठकीत फार उपयोगाचे आहे. मी खोटे बोलणार नाही. मारले आहे.

मला फक्त जेटचा नंबर हवा. अमरावतीचा दुकानदार म्हणतो, मॉडेल जुने आहे, नंबर सांगितला तर नागपूरहून मागवून देतो. इंजनाची पुस्तिका तुमच्या कपाटात आहे, मला माहीत आहे. नंबर कळवा. बाकी काही लिहू नका.

पौर्णिमा


बोरगाव मंजू
४ सप्टेंबर २०२३

पौर्णिमा,

जेट खुशीने हरवला नाही. तुझ्या हातूनही हरवला नाही. इंजन टेम्पोत चढवायच्या आदल्या दिवशी मी वाटी खोलून तो काढून घेतला होता. तेव्हापासून माझ्या चष्म्याच्या घरात होता. या पत्रात कागदाच्या पुडीत ठेवला आहे.

जेट नसला की पेट्रोल भसाभसा आत जाते. काळा धूर, ओला प्लग. तुझे दुसरे पत्र आले तेव्हाच मला सांगता आले असते. मी चोकचे लिहिले. वाटी खोलू नको हेही त्याच्यासाठीच लिहिले होते. म्हटले, तू खोलणार नाहीस, आणि खोललीस तर तुझ्याच हातून हरवला असे तुला वाटेल. तसेच वाटले.

मला वाटले होते, इंजन चालणार नाही, तू थकशील, दसरा निघून जाईल आणि पोरगी घरी येईल. कोणाला काही लागणार नाही. तिला मार बसेल हे माझ्या डोक्यात आले नाही. तुझे पत्र मी ओसरीवर वाचले आणि तिथेच चष्म्याचे घर उघडून जेट बाहेर काढला.

चूक झाली असे लिहीत नाही. न कळत होते ती चूक. हे मी समजून केले. मला माझ्या लेकाची लेक घरात हवी होती. आणि खरे सांगतो, त्याचे इंजन त्याच्याशिवाय, दुसऱ्याच्या शेतावर, तुझ्या हाताने चालावे हे मला सहन होत नव्हते.

तुझ्या सासूला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि माझे ताट वाढून पुढे सरकवले.

बसवताना रुंद पात्याचा पेचकस घे. आधी हाताने फिरव, सरळ बसतो की नाही पाहा, मग पेचकसाने पाव फेरा. जास्त आवळू नको, पितळ आहे, आटे जातात. वाटीच्या खालची रबराची कडी फुगली असेल तर बदल, नाही तर गळेल.

सहदेवला काय कळवायचे ते कळव. मी नाही म्हणणार नाही.

केशवराव


तिवसा
८ सप्टेंबर २०२३

ती. मामाजी,

पत्र काल मिळाले. आधी इंजनाचे सांगते, कारण तेवढेच तुम्ही नीट लिहिले होते. जेट बसवला. पाव फेरा. रबरी कडी बदलली. तिसऱ्या ओढीत इंजन चालू झाले. माझ्या हाताने. काल दुपारपासून पाणी चालू आहे, आज सगळ्या बावीस गुंठ्यांत फिरले. खालच्या सहा ओळींपैकी चार वाचतील, दोन गेल्या. त्या दोन तुमच्या नावावर.

नागपूरचा जेट मी मागवला नाही. आता लागणार नाही.

तुम्ही माझ्याशी खोटे बोललात, त्याचा राग मला किती आला ते लिहून दाखवता येणार नाही आणि दाखवायचेही नाही. मी त्या बाईचा विचार करते जी तीन आठवडे स्वतःच्या हातांना शिव्या देत होती. अंगणातली माती चाळत बसलेल्या माझ्या लेकीचा विचार करते. लोक म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तुम्ही कबूल केलेत तेही ताठ मानेनेच केलेत, चूक झाली असे लिहीत नाही म्हणून. बरे केलेत. माफीची चिठ्ठी आली असती तर मी ती चुलीत घातली असती. ही ठेवली आहे.

सहदेव मामांना मी काही कळवलेले नाही. पण मूर्तिजापूरची ती अट आजपासून मी मानत नाही, मग झेंडू निघो की न निघो. हे तुम्ही स्वतः त्यांना सांगायचे. का सांगता आहात तेही सांगायचे. निळा की पिवळा, हे मी खुशीला विचारलेले नाही आणि विचारणार नाही.

राहिली खुशी. काल मी तिच्यापुढे बसले आणि सांगितले की तो भाग तू हरवला नव्हतास, मी तुला उगाच मारले, माझे चुकले. ती म्हणाली, "मंग कोनं नेला होता?" मी म्हटले, "ज्यानं नेला तो येऊन सांगन." तुमचे नाव घेतले नाही. का घेतले नाही ते मलाही नीट माहीत नाही. अजूनही आबाची, म्हणजे तुमची, ती सायकल तशीच आहे का, असे ती मधूनच विचारते, आणि माझ्या तोंडून तुमचे नाव निघाले नाही.

तेवढे काम मी तुमचे करणार नाही. पुढच्या शुक्रवारी तान्हा पोळा आहे, शाळेला सुट्टी असते. आत्याबाईंना घेऊन या. त्यांना मी पुरणपोळी करून वाढीन. तुम्हाला चहा मिळेल. खुशीला समोर बसवून सांगा, मला लिहिले तसेच, चूक झाली म्हणायचे नाही, समजून केले म्हणायचे. ती काय म्हणेल त्याची जबाबदारी माझी नाही.

आज शाळेतून आली आणि दप्तर टाकायच्या आधीच तिने विचारले, "आई, आला का तो मानूस?"

पौर्णिमा